अखंड लेखन आणि पदविभाग : चिनी शब्दविभाजनाची संगणकीय रीत व जुन्या मराठी लेखनाचे वाचन

मराठीच्या जुन्या पोथ्या वाचताना अभ्यासकासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो अर्थाचा नव्हे, तर पदांच्या सीमांचा. लेखनिकाने ओळ सलग लिहिलेली असते. एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे कागदावर दाखविलेले नसते. मुद्रित आवृत्तीत दोन शब्दांमध्ये जी मोकळी जागा दिसते ती ग्रंथकर्त्याची वा लेखनिकाची नसून संपादकाची असते. हा संपादकीय निर्णय इतका सवयीचा झाला आहे की, तो निर्णय आहे याचाच वाचकाला विसर पडतो. पोथ्यांतील व दप्तरांतील मजकूर संगणकावर उतरविला जाऊ लागल्यापासून मात्र हा प्रश्न नव्याने पुढे आला आहे, कारण शब्द वेगळे केल्याशिवाय यंत्राला शब्दसूची करता येत नाही, शोध घेता येत नाही आणि वारंवारिताही मोजता येत नाही.

हाच प्रश्न ज्या भाषेला तिच्या आजच्या, रोजच्या लेखनातही सोडवावा लागतो ती भाषा चिनी होय. चिनी लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे चिनी मजकुराचे शब्द पाडण्याच्या यांत्रिक रीती गेल्या चार दशकांत पुष्कळ विकसित झाल्या. त्यांतील एका प्रचलित रीतीचा परिचय करून देणे, आणि परभणी जिल्ह्याशी निगडित अशा जुन्या मराठी वाङ्मयाच्या व कागदपत्रांच्या वाचनात ती कितपत उपयोगी पडते याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

अखंड लेखन ही भारतीय परंपरेला अपरिचित गोष्ट नाही. ऋग्वेदाच्या संहितापाठाशेजारी शाकल्याचा पदपाठ उभा राहिला, याचा अर्थच असा की, पदे वेगळी करणे हे स्वतंत्र शास्त्रीय कार्य आहे अशी जाणीव फार प्राचीन काळी झालेली होती. पदपाठ हे एका दृष्टीने संहितेचे पहिले भाष्य होय, कारण पद कोठे तोडायचे हे ठरविताना अर्थाचा निर्णय आपोआप होऊन जातो.

मराठीत हा प्रश्न तीन प्रकारच्या लेखनात येतो. पहिला प्रकार बाळबोध लिपीतील सलग लिहिलेल्या पोथ्यांचा. दुसरा महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांचा. सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांत एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह योजलेले असते. तेथे लिपीची उकल झाल्यावरही पदविभागाचे काम उरतेच. परभणी जिल्ह्यातील बोरी या गावाशी ज्याच्या उपनामाचा संबंध जोडला जातो त्या भास्करभट्ट बोरीकराचे 'शिशुपाळवध' व 'उद्धवगीता' हे ग्रंथ याच परंपरेतून आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. तिसरा प्रकार मोडीचा. मोडी लिहिताना लेखक आधी शिरोरेषा ओढतो आणि मग तिच्या आधाराने शक्यतो लेखणी न उचलता अक्षरे लिहीत जातो. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही पाळला जात नाही.

मराठवाड्यात त्यात आणखी एका लिपीची भर पडते. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संस्थानच्या कारभारात उर्दू रूढ झाली होती. उर्दू लेखनात काही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जातात व काही जात नाहीत. त्यामुळे दोन शब्दांतील अंतर आणि एकाच शब्दातील दोन अक्षरांमधील अंतर यांत नेहमीच स्पष्ट भेद दिसत नाही. म्हणजे या जिल्ह्याच्या जुन्या कागदपत्रांचा अभ्यासक कोणत्याही लिपीकडे वळला तरी पदसीमेचा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही.

२. चिनी भाषेतील उदाहरण

चिनी लेखनाचे एकक म्हणजे चिन्ह. एक चिन्ह साधारणतः एका उच्चारावयवाचे असते. काही शब्द एका चिन्हाचे, बरेच दोन चिन्हांचे, तर काही तीन-चार चिन्हांचे असतात. या विषयावरील लेखनात नेहमी येणारे एक उदाहरण नानजिंग शहरातील पुलाचे आहे. यांगत्से नदीवरील हा पूल १९६८ साली खुला झाला. त्याचे नाव सात चिन्हांत लिहिले जाते : नान-जिंग-शी-छांग-जियांग-दा-छियाव. पहिली तीन चिन्हे एकत्र घेतली तर 'नानजिंग शहर' आणि उरलेल्या चार चिन्हांत 'यांगत्से महासेतू' असा अर्थ मिळतो. परंतु पहिली चार चिन्हे वेगळ्या रीतीने जोडली तर 'नानजिंगचे नगराध्यक्ष' असा अर्थ होतो, आणि उरलेली तीन चिन्हे 'जियांग दाछियाव' या व्यक्तिनामासारखी वाचता येतात. विशेष म्हणजे चौथ्या चिन्हाचा उच्चारही विभागाप्रमाणे बदलतो. नदीच्या नावात तो 'छांग' आहे, नगराध्यक्ष या शब्दात 'जांग'. पदविभाग बदलला की अर्थच नव्हे, वाचनही बदलते.

सात चिन्हांच्या ओळीत सहा सांधे असतात. प्रत्येक सांध्यावर तोडायचे किंवा नाही असे दोन पर्याय असल्याने एकूण विभाग ६४ होतात. चाळीस अक्षरांच्या ओळीत हीच संख्या सुमारे ५५ हजार कोटी होते. मनुष्य हे सर्व पर्याय तपासत नाही. तो भाषेच्या ज्ञानाने बहुतेक पर्याय नकळत बाद करतो. यंत्राला मात्र ते ज्ञान कोठून तरी पुरवावे लागते.

३. कोश आणि दीर्घतम पदाचा नियम

सर्वांत जुनी व सोपी रीत कोशाची. यंत्राला शब्दांची यादी द्यावयाची आणि ओळीच्या आरंभापासून, कोशात सापडेल असे सर्वांत लांब पद तोडीत जावयाचे. हेच काम शेवटाकडून आरंभाकडेही करता येते. या रीतीचे गुणदोष मराठी उदाहरणावरून लवकर लक्षात येतील.

'आजीवनातगेली' ही अक्षरपंक्ती घेऊ. कोशात आ, आजी, व, वनात, नात, जीवनात आणि गेली ही सात पदे आहेत असे मानू. 'आ' म्हणजे उघडलेले तोंड, 'आ वासणे' यातील पद. या कोशाच्या आधारे ओळीचे तीन विभाग संभवतात :

'आजी वनात गेली'
'आजी व नात गेली'
'आ जीवनात गेली'

आरंभापासून दीर्घतम पद घेत गेल्यास प्रथम 'आजी', मग 'वनात', मग 'गेली' असा योग्य विभाग मिळतो. शेवटाकडून त्याच नियमाने गेल्यास 'गेली' सुटल्यावर 'नात', 'वनात' आणि 'जीवनात' यांपैकी सर्वांत लांब 'जीवनात' उचलले जाते आणि आरंभी निरर्थक 'आ' उरतो. म्हणजे नियम एकच असूनही दिशा बदलली की निष्पत्ती बदलते. यावरून पहिली दिशा नेहमी श्रेष्ठ असे मात्र ठरत नाही. 'मीनाहीआलो' या पंक्तीत 'मीनाही' हे रूप कोशात असेल तर दोन्ही दिशांनी 'मीनाही आलो' हाच विभाग येतो. वास्तविक 'आलो' हे पुल्लिंगी प्रथमपुरुषी रूप मीनेशी जुळत नाही. विभाग 'मी नाही आलो' असाच हवा. दीर्घतमाचा नियम व्याकरण जाणत नाही, हा त्याचा मूळ दोष होय.

४. शक्यतेची रीत

चिनी मजकुरासाठी सध्या फार वापरला जाणारा 'जिएबा' हा आज्ञावलींचा तयार संग्रह, ज्याला संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणतात, २०१२ साली 'पायथन' या संगणकभाषेत सर्वांसाठी खुला झाला. 'जिएबा' या चिनी शब्दाचा अर्थ तोतरे बोलणे असा आहे. तुकड्यातुकड्याने बोलणाऱ्याचे नाव शब्द तोडणाऱ्या साधनाला देण्यात थोडा विनोद आहे. त्याच्या मूळ कोशात सुमारे साडेतीन लाख नोंदी असून प्रत्येक नोंदीपुढे त्या शब्दाची वारंवारिता दिलेली आहे. या वारंवारितेतच रीतीचे मर्म आहे.

प्रथम ओळीतील अक्षरांच्या मधल्या प्रत्येक सांध्याला एक स्थान कल्पावयाचे. वरील सात अक्षरांच्या ओळीत शून्यापासून सातापर्यंत आठ स्थाने होतात. कोशातील प्रत्येक पद म्हणजे एका स्थानापासून पुढच्या एखाद्या स्थानापर्यंत जाणारी वाट. 'आजी' ही शून्यापासून दोनपर्यंत, 'व' दोनपासून तीनपर्यंत, 'वनात' दोनपासून पाचपर्यंत, 'जीवनात' एकपासून पाचपर्यंत अशा वाटा जातात. सर्व वाटा पुढेच जातात, मागे कोणतीही वळत नाही. शून्यापासून सातापर्यंत पोहोचणारा प्रत्येक मार्ग हा एक संभाव्य पदविभाग होय.

आता यांतला मार्ग निवडावयाचा कसा? प्रत्येक पदाची शक्यता म्हणजे ते पद एकूण शब्दसंख्येत किती वेळा येते याचे प्रमाण. मार्गावरील सर्व पदांच्या शक्यतांचा गुणाकार ही त्या मार्गाची शक्यता. केवळ समजुतीसाठी असे मानू की, एक लक्ष शब्दांच्या संग्रहात 'आजी' ५० वेळा, 'वनात' ५ वेळा, 'व' १००० वेळा, 'नात' २० वेळा, 'जीवनात' ४० वेळा आणि 'आ' एकदा आला आहे. 'गेली' हे पद तिन्ही मार्गांत समान असल्याने ते बाजूला ठेवता येते. हे कल्पित आकडे घेऊन गुणाकार केला असता पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या विभागाच्या शक्यतांचे परस्परप्रमाण २५० : १० : ४० असे येते. 'व' हे पद फार वेळा येत असूनही दुसरा विभाग मागे पडतो, कारण त्यात एक पद अधिक आहे आणि प्रत्येक अधिक पदाबरोबर गुणाकार लहान होत जातो. दीर्घ पदांना प्राधान्य देण्याचा जुना नियम येथे वेगळ्या वाटेने पुन्हा भेटतो, परंतु आता तो आंधळा राहिलेला नाही.

मार्गांची संख्या प्रचंड असली तरी सर्व मार्ग मोजावे लागत नाहीत. पाचव्या स्थानापर्यंत येणाऱ्या तीन मार्गांपैकी जो सर्वांत शक्य तोच पुढे न्यावयाचा, बाकीचे तेथेच सोडावयाचे. पुढे काहीही आले तरी त्या मागच्या तिघांतील क्रम बदलणार नसतो. प्रत्येक स्थानी असा एकच उत्तम मार्ग जपल्याने काम ओळीच्या लांबीच्या प्रमाणात राहते.

कोशात नसलेल्या पदांचे, विशेषतः विशेषनामांचे काय, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी या साधनात दुसरी सोय आहे. प्रत्येक चिन्हाला चार भूमिकांपैकी एक दिली जाते : पदाचा आरंभ, मध्य, अंत किंवा एकट्यानेच पूर्ण पद. आधी हाताने विभागलेल्या मजकुरावरून, कोणते चिन्ह कोणत्या भूमिकेत किती वेळा येते आणि एका भूमिकेमागून दुसरी कितपत येते, याची प्रमाणे काढून ठेवलेली असतात. कोशाच्या आधाराने जो भाग उकलत नाही तेथे ही प्रमाणे वापरून सर्वांत संभाव्य भूमिकाक्रम ठरविला जातो. याशिवाय अभ्यासकाला स्वतःचा पूरक कोश जोडता येतो.

या साधनाचे तीन प्रकारचे वर्तन ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पहिल्या प्रकारात एकच काटेकोर विभाग मिळतो. दुसऱ्यात ओळीत संभवणारी कोशगत पदे, एकमेकांवर चढलेली असली तरी, दाखविली जातात. तिसऱ्यात शोधाच्या सोयीसाठी लांब पदांचे आणखी तुकडे केले जातात. वाङ्मयाच्या अभ्यासाला दुसरा प्रकार अधिक मोलाचा का, हे पुढे येईल.

५. मराठीला ही रीत जशीच्या तशी चालत नाही

हे साधन चिनी चिन्हांसाठी रचलेले आहे. त्याच्या मूळ स्वरूपात देवनागरी मजकूर दिला तर तो त्याच्या लेखी परका ठरतो आणि प्रत्येक संकेत सुटा करून परत मिळतो. 'की' या अक्षराचे 'क' आणि वेलांटी असे दोन तुकडे पडतात. येथे चिनी व मराठी लेखनांतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. चिनीत संगणकीय संकेत आणि लेखनाचे एकक साधारणतः एकच असते. युनिकोडमध्ये मराठी अक्षर मात्र अनेक संकेतांचे मिळून बनते : व्यंजन, स्वरचिन्ह, हलन्त, अनुस्वार.

हा भेद दुर्लक्षित राहिला तर होणारी चूक वरच्याच उदाहरणात दिसते. कोशात 'आजीवन' हे पद घातले आणि यंत्राला संकेतांवरून शोध घेऊ दिला, तर 'आजीवनात' यातील पहिले पाच संकेत 'आजीवन' या पदाशी तंतोतंत जुळतात. तेथे तोडल्यास मागे एक निराधार काना आणि 'त' उरतात. मराठी वाचकाला ही चूक संभवनीयसुद्धा वाटणार नाही, कारण तो 'ना' हे एकच अक्षर म्हणून पाहतो. म्हणून पहिली पायरी संकेतांची अक्षरे बांधण्याची, आणि पदसीमा केवळ अक्षरांच्या सांध्यावरच शोधण्याची. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्वतंत्र स्थान मिळाले. तेथेही हेच पथ्य पाळावे लागते.

दुसरी अडचण पदाच्या व्याख्येची. चीनमध्ये संगणकीय कामासाठी पद कशाला म्हणावे याचे राष्ट्रीय प्रमाणक १९९२ साली ठरविले गेले. पुढे २००३ पासून वेगवेगळ्या साधनांच्या तुलनात्मक स्पर्धा झाल्या तेव्हाही निरनिराळ्या संस्थांचे विभागाचे संकेत भिन्न असल्याचे दिसून आले. हिंदीत नामाचा कारकप्रत्यय सुटा लिहितात, मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहितात. ही मुद्रणयुगातील शुद्धलेखनाची व्यवस्था आहे. जुन्या पोथीला ती लावावयाची की नाही, याचा निर्णय यंत्राकडे जाण्यापूर्वी अभ्यासकाने घ्यावयास हवा. मराठीत नामाची विकारी रूपे अनेक असल्याने कोशही केवळ मूळ शब्दांचा असून भागत नाही. 'वन' आहे आणि 'वनात' नाही, असा कोश वरील ओळीपुढे हतबल ठरतो.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची, ती काळाची. 'व' हे उभयान्वयी अव्यय फारसीच्या संपर्काने मराठीत आले असे सामान्यतः मानले जाते. तसे असेल तर यादवकालीन गद्याच्या वाचनात 'आजी व नात' या धर्तीचा विभाग मुळातच बाद होतो, मग त्याची आधुनिक वारंवारिता कितीही असो. उलट 'लीळाचरित्रा'च्या संवादांत 'जी' हे आदरवाचक संबोधन स्वतंत्र पद म्हणून येते. आधुनिक कोशात त्याला गौण स्थान असले तरी तेथे ते जागोजागी सीमा निर्माण करते. म्हणून कोश व वारंवारिता ही त्या त्या काळाची आणि त्या त्या वाङ्मयप्रकाराची असली पाहिजेत. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली प्रसिद्ध झाला. हरि नारायण नेने व वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांनी विभागून छापलेले 'लीळाचरित्रा'चे पाठ उपलब्ध आहेत. कोश आणि विभागलेला नमुना ही दोन्ही साधने यांतून उभी करता येण्यासारखी आहेत. वृत्तपत्रे व अन्य आधुनिक लेखन यांवर शिकविलेली यंत्रे या कामी प्रमाण मानणे धोक्याचे आहे. अलीकडची भाषाप्रतिमाने मजकूर ज्या तुकड्यांत तोडतात ते तुकडे तर वारंवारितेवरून पडलेले असतात. त्यांना व्याकरणातील पद समजणे ही चूक होईल.

६. जिल्ह्याच्या संदर्भात : नामे, नोंदी आणि नाममुद्रा

परभणी जिल्ह्यातील ग्रामनामे घेतली तर पूरक कोशाची गरज लगेच पटते. अखंड लेखनात 'मानवतास' हे 'मानवत' या गावाचे चतुर्थीचे रूप असू शकते, आणि नावे न जाणणारे यंत्र त्याचे 'मानव तास' असे दोन तुकडेही करील. 'पालमास' याचे 'पाल मास' होईल. 'पूर्णा' ही नदी, त्याच नावाचे गाव आणि सामान्य विशेषण यांतील भेद तर विभागानंतरही उरतोच. दप्तरी लेखनात 'मौजे', 'कसबे', 'परगणे' यांसारखी ठराविक पदे नामाच्या आधी येतात. ती सीमादर्शक खुणांसारखी वापरता येतात. मात्र अशा खुणाही फसव्या ठरू शकतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घ भेद नसल्याने 'बिन' म्हणजे 'चा मुलगा' हे पद आणि 'बी' व 'न' ही शेजारी आलेली अक्षरे सारखीच दिसतात. 'कुणबी नरसू' अशी एखादी कल्पित नोंद सलग लिहिली असता 'बिन' शोधणारे यंत्र तिचे 'कुण बिन रसू' असे तुकडे करील. जातिवाचक पद नाहीसे होईल आणि त्याजागी दोन अस्तित्वात नसलेल्या व्यक्ती उत्पन्न होतील.

ही चूक केवळ विद्वत्तेच्या क्षेत्रापुरती राहत नाही. २०२३ साली राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा मोडी व उर्दू जाणणाऱ्या वाचकांची निकड सर्वांच्या लक्षात आली. एखाद्या कुटुंबाचा हक्क एका शब्दाच्या वाचनावर अवलंबून असतो तेव्हा यंत्राने सुचविलेली पदसीमा ही सूचनाच राहिली पाहिजे, पुरावा नव्हे. मूळ कागदाकडे परत जाण्याची वाट प्रत्येक नोंदीत खुली हवी.

वाङ्मयाच्या बाजूने पाहिल्यास गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचे अभंग नामदेवादी संतांच्या गाथांबरोबर पाठ होत व लिहिले जात आले. त्यामुळे कोणता अभंग कोणाचा हे ठरविताना 'जनी' ही नाममुद्रा मोठा आधार ठरते. पोथ्यांचा मजकूर विभाग न करता संगणकावर घेऊन 'जनी' ही दोन अक्षरे शोधली, तर 'भजनी', 'भोजनी', 'सज्जनी', 'दुर्जनी' या सर्व पदांतील तीच अक्षरे हाती येतील. पद सुटे असले तरी लेखनिकाने अनुस्वार गाळला असल्यास 'जनीं' म्हणजे 'लोकांमध्ये' हे सप्तमीचे रूप आणि कवयित्रीचे नाव यांत भेद उरत नाही. पूरक कोशात 'जनी' हे नाम मोठ्या वारंवारितेने घातले, तर यंत्र ते नको तेथेही तोडू लागेल आणि जनाबाईंच्या नावावर भलतेच अभंग जमा होतील. न घातले, तर खऱ्या नाममुद्रा निसटतील. येथे स्थानाचा विचार उपयोगी पडतो. नाममुद्रा बहुधा अभंगाच्या अखेरच्या चरणांत येते. हे ज्ञान कोशात नसते, ते अभंगाच्या रचनेचे ज्ञान आहे, आणि ते यंत्राला पुरविणे हे मराठीच्या अभ्यासकाचेच काम आहे.

७. जेथे एकच विभाग हा दोष ठरतो

आतापर्यंतच्या विवेचनात प्रत्येक ओळीला एक योग्य विभाग असतो असे गृहीत धरले आहे. काव्यात हे गृहीतक नेहमी टिकत नाही. अलंकारशास्त्रातील सभंग श्लेष हा तर पद वेगवेगळ्या ठिकाणी तोडल्याने दोन अर्थ देणारा अलंकार आहे. यमकात तीच अक्षरपंक्ती पुन्हा येते, पण तिचा अर्थ, आणि पुष्कळदा पदविभागही, बदललेला असतो. 'यमक्या' म्हणून ओळखल्या गेलेल्या वामनपंडिताची कविता किंवा मोरोपंतांची आर्या अशा यंत्रापुढे ठेवली तर ते दोन्ही स्थळी अधिक वारंवारितेचा एकच विभाग देईल आणि कवीने साधलेला चमत्कार लुप्त होईल. अशा ठिकाणी दुसरा प्रकार, म्हणजे सर्व संभाव्य पदे दाखविण्याचा, अधिक उपयुक्त होय. शक्यतेच्या क्रमाने पहिले तीन-चार मार्ग मागविले तर यंत्र निर्णय देणारे न राहता पर्याय सुचविणारे होते. संस्कृतसाठी फ्रान्समधील जेरार ह्यूए यांनी उभारलेल्या साधनात याच दिशेने विचार झालेला आहे. तेथे संधी सोडवून अनेक विभाग वाचकापुढे मांडले जातात व निवड वाचक करतो.

८. विभागाची परीक्षा

यंत्राच्या विभागाचे मोल ठरविण्याची रीत सोपी आहे. जाणकाराने हाताने विभागलेला एक नमुना घ्यावा आणि यंत्राचा विभाग त्याशी ताडून पाहावा. यंत्राने पाडलेल्या पदांपैकी किती बरोबर, आणि खऱ्या पदांपैकी किती यंत्राला सापडली, ही दोन प्रमाणे वेगवेगळी काढावयाची. 'आजी वनात गेली' याचा 'आ जीवनात गेली' असा विभाग यंत्राने केला, तर तीनपैकी 'गेली' हे एकच पद जुळते, म्हणून दोन्ही प्रमाणे एक-तृतीयांश येतात. 'आजी व नात गेली' असा केला, तर पाडलेल्या चारांपैकी दोन बरोबर आणि खऱ्या तिनांपैकी दोन सापडली असे होते. पहिले प्रमाण निम्मे, दुसरे दोन-तृतीयांश. परीक्षेचा नमुना शिकवणीत वापरलेला नसावा, आणि तो एकाच पोथीतला वा एकाच लेखनिकाचा नसावा, ही दोन पथ्ये अनिवार्य आहेत.

एकूण प्रमाण चांगले आले तरी चुका कोठे झाल्या हे पाहणे आवश्यक असते. शंभरात पाच चुका सर्वत्र विखुरलेल्या असणे वेगळे आणि त्या पाचही विशेषनामांत असणे वेगळे. इतिहासाच्या व वाङ्मयाच्या अभ्यासकाला नेमकी विशेषनामेच हवी असतात.

९. समारोप

चिनी शब्दविभाजनाच्या साधनातून मराठीने घ्यावे ते साधन नव्हे, तर रीत. अक्षर हे एकक, कालानुरूप कोश, हाताने विभागलेला विश्वसनीय नमुना, ग्रामनामे व नाममुद्रा यांचा पूरक कोश आणि एकाऐवजी अनेक पर्याय मागण्याची सोय ही तिची अंगे होत. पदव्युत्तर स्तरावर एखाद्या पोथीची दहा-वीस पाने अशा प्रकारे विभागून तपासणे हे विद्यार्थ्याला व्याकरण, पाठचिकित्सा आणि संगणक या तिन्ही अंगांची ओळख करून देणारे कार्य ठरेल.

एक दक्षता मात्र प्रारंभापासून घ्यावयास हवी. पोथीचा अखंड अक्षरपाठ आणि त्यावरील पदविभाग हे दोन स्वतंत्र थर म्हणून जतन करावेत. प्रत्येक सीमा लेखनिकाची, संपादकाची की यंत्राची, याची नोंद असावी. मुद्रणाच्या युगात संपादकाचा पदविभाग मूळ पाठात मिसळून गेला आणि पुष्कळ ठिकाणी आज तो सोडविता येत नाही. तीच गोष्ट आता यंत्राच्या हातून, कितीतरी अधिक वेगाने, पुन्हा होऊ शकते. गंगाखेडच्या कवयित्रीची मुद्रा कोणत्या अभंगावर आहे, किंवा एखाद्या गावच्या जुन्या नोंदीत कोणाचे नाव आहे, याचे उत्तर शेवटी दोन अक्षरांमधील एका मोकळ्या जागेवर ठरणार असेल, तर ती जागा कोणी सोडली हे पुढच्या वाचकाला कळले पाहिजे.